उजव्या टोकाचा नववा खेळाडू

मागील अंकात बेसबॉलमधील नऊ जागांची ओळख करून देताना आम्ही आठ जागांना प्रत्येकी एक परिच्छेद दिला आणि राइट फील्डची बोळवण अवघ्या दोन वाक्यांत केली. त्याबद्दल वाचकांनी आमची कानउघाडणी केली, आणि ती रास्तच होती. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. जागेअभावी पत्रांचा मजकूर संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : मी आयुष्यभर क्रिकेट पाहत आलो आहे. ‘राइट फील्ड’ म्हणजे नेमके कोणाच्या उजवीकडे? क्रिकेटमधील कोणत्या जागेशी त्याची तुलना करता येईल?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, मडगाव

उत्तर : उजवीकडे म्हणजे फलंदाजाच्या बाजूने, होम प्लेटपाशी (फलंदाज उभा राहतो तेथे) उभे राहून पिचरकडे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याकडे, पाहणाऱ्याच्या उजवीकडे. होम प्लेटपासून दोन फाउल लाइन, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या सीमारेषा, काटकोनात निघतात. उजवीकडची रेषा पहिल्या बेसवरून आणि डावीकडची तिसऱ्या बेसवरून जाते. होम प्लेट धरून चार बेस (धावकाने क्रमाने गाठायचे थांबे) मिळून जो चौकोन होतो त्याची प्रत्येक बाजू ९० फुटांची असते. या चौकोनाच्या पलीकडच्या मोकळ्या मैदानाची, म्हणजे आउटफील्डची, राखण तिघे करतात आणि त्यांपैकी पहिल्या बेसच्या मागच्या अंगाला जो असतो तो राइट फील्डर. तो स्वतः मात्र होम प्लेटकडे तोंड करून उभा असल्यामुळे त्याची फाउल लाइन त्याच्या डाव्या हाताला येते. ही अदलाबदल लक्षात ठेवावी, कारण पुढे डावखुऱ्या खेळाडूविषयीच्या उत्तरात तिची गरज पडणार आहे.

क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजासाठी राइट फील्ड ही ऑफ साइड होय, आणि राइट फील्डर हा साधारणपणे लाँग ऑफ आणि डीप एक्स्ट्रा कव्हर यांच्या दरम्यान उभा असलेला गडी. परंतु क्रिकेटमध्ये डावखुरा फलंदाज आला की ऑफ आणि लेग या बाजू उलटतात आणि षटक संपले की सगळे क्षेत्ररक्षण फिरते, तसे येथे काहीच होत नाही. पहिला बेस जागचा हलत नाही, म्हणून राइट फील्डही हलत नाही. आणखी एक फरक असा की फाउल लाइनच्या बाहेर उडालेला चेंडू जमिनीवर पडण्याआधी झेलला तर फलंदाज बादच होतो. म्हणजे या क्षेत्ररक्षकाचा मुलूख रेषेपाशी संपत नाही, कुंपणापर्यंत जातो.

प्रश्न : माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. शाळेच्या बेसबॉल संघात त्याला प्रत्येक सामन्यात राइट फील्डलाच उभे करतात. तासभर त्याच्याकडे चेंडू फिरकतही नाही आणि बघायला आलेले इतर पालक हसतात. मी शिक्षकांकडे तक्रार करावी का?
— एक आई, फोंडा

उत्तर : आपले पत्र वाचताना मला माझे शाळेचे दिवस आठवले. आमच्या वाड्यावर भातकापणी झाली की मळ्यावर फुटबॉल सुरू व्हायचा आणि ज्याला धड लाथ मारता येत नाही त्याला गोलात उभे केले जायचे, तो मी. पुढे सॉफ्टबॉल आला तेव्हा मला कोणीही न सांगता मी राइट फील्डला जाऊन उभा राहिलो. म्हणून इतर पालक का हसतात ते मी जाणतो. त्या हसण्यामागचे कारण खरे आहे, पण ते अर्धेच खरे आहे.

बहुतेक फलंदाज उजव्या हाताने खेळतात, आणि उजव्या हाताने जोरात फिरवलेली बॅट चेंडूला स्वाभाविकपणे डावीकडे ओढते. मुलांच्या खेळात डावखुरे फलंदाज थोडे आणि लांब फटके त्याहून थोडे, त्यामुळे उजव्या मैदानात चेंडू कमी येतात. ज्या शिक्षकाला एका मुलाचा झेल सुटण्याची भीती वाटते तो त्याला तेथे पाठवतो, ही रीत अमेरिकेपासून आपल्या गोव्यापर्यंत सर्वत्र आहे. उरलेले अर्धे सत्य असे की पिचरचा वेग वाढला की याच वयातल्या मुलांची बॅट उशिरा फिरू लागते, आणि उशिरा फिरलेल्या बॅटवरून निघालेला चेंडू उजवीकडेच जातो. प्रतिस्पर्धी संघाचा पिचर वेगवान असेल तर तुमच्या फलंदाजांचे फटके कोणत्या बाजूला जातात, याकडे पुढच्या सामन्यात लक्ष द्यावे.

यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे चेंडू आला नाही म्हणून राइट फील्डरला काम नसते, हा समज साफ चुकीचा आहे. इनफील्डमध्ये, म्हणजे बेसांच्या चौकोनापाशी, सरपटी चेंडू अडवला गेला की तो पहिल्या बेसकडे फेकला जातो, आणि मुलांच्या हातची ही फेक कधी कधी पहिल्या बेसवरच्या खेळाडूच्या डोक्यावरून किंवा बाजूने निसटते. निसटलेला चेंडू फाउल लाइनच्या बाहेर घरंगळत जातो आणि तेवढ्या वेळात फलंदाज दुसरा, कधी तिसराही बेस गाठतो. हे रोखण्यासाठी, बॅटचा आवाज कानी पडताच राइट फील्डरने पहिल्या बेसच्या मागे, फेकीच्या रेषेत येईल अशा ठिकाणी धावत जायचे असते. कॅचरने (फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्याने) किंवा पिचरने पहिल्या बेसवरच्या धावकाला टिपण्यासाठी अचानक चेंडू फेकला तरी तेच, आणि डावीकडून दुसऱ्या बेसवर फेक होत असेल तर त्या बेसच्या मागे. एका सामन्यात ही धाव दहा-बारा वेळा घ्यावी लागते. बहुतेक वेळा फेक अचूक लागते, चेंडू मागे येत नाही आणि धाव वाया जाते. गुणपत्रकात तिची नोंद कोठेही होत नाही. पण ज्या एका वेळी चेंडू निसटतो त्या वेळी तेथे कोणी नसेल तर सामना हातचा जातो.

म्हणून तक्रार करण्यापूर्वी मुलाला एकच प्रश्न विचारावा : शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या खेळाडूकडे) चेंडू गेला तर तू कोठे धावतोस? त्याला उत्तर देता आले तर शिक्षकांनी त्याला काहीतरी शिकवले आहे, आणि आपण निश्चिंत असावे. त्याने ‘मी उभाच राहतो’ असे सांगितले तर मात्र शिक्षकांशी जरूर बोलावे, पण तक्रार जागेची नव्हे तर शिकवणुकीची करावी. दहा वर्षांच्या मुलाला संपूर्ण मोसम एकाच जागी डांबून ठेवणे हे माझ्या मते आळशीपणाचे लक्षण आहे. या वयात प्रत्येकाला निदान चार जागा फिरवून दाखवायला हव्यात. जो मुलगा शॉर्टस्टॉपला चमकतो त्यालाही दोन सामने राइट फील्डला उभे करून पाहावे. एकाग्रता टिकवणे किती अवघड असते ते त्याला तेथेच कळेल.

प्रश्न : राइट फील्ड दुबळ्या खेळाडूची जागा असेल, तर व्यावसायिक संघांत सर्वांत बळकट फेकीचा क्षेत्ररक्षक तेथेच का असतो?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, साखळी

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्या बेसमध्ये आहे. कागदावर मैदान आखून पट्टीने मोजलेत तर माझ्या शब्दांची गरजही पडणार नाही. समजा, लेफ्ट फील्डर आणि राइट फील्डर दोघांनीही पुढे धावत येऊन होम प्लेटपासून २३० फुटांवर, आपापल्या मैदानाच्या मध्यावर, चेंडू उचलला. लेफ्ट फील्डरला तेथून तिसरा बेस साधारण १४५ फुटांवर पडतो, तर राइट फील्डरला २२० फुटांवर. पाऊणशे फुटांचा हा फरक म्हणजे सुमारे २३ मीटर, क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षाही अधिक. पहिल्या बेसवर धावक असताना उजवीकडे एका बेसचा साधा फटका गेला की तो धावक दुसऱ्या बेसवर न थांबता तिसरा गाठू पाहतो, कारण त्यालाही हे अंतर ठाऊक असते. तिसऱ्या बेसवर पोहोचला म्हणजे एका उंच झेलावर, पिचरच्या एका चुकलेल्या फेकीवर, एका संथ सरपटी चेंडूवर त्याची धाव होऊ शकते. दुसऱ्यावर अडला तर बहुधा आणखी एका खणखणीत फटक्याची वाट पाहावी लागते. दुसऱ्या बेसवरचा धावकही उजवीकडे खोल उडालेल्या झेलावर तिसऱ्याकडे निघण्याची हिंमत करतो. तोच झेल डावीकडे असता तर तो क्वचितच निघाला असता.

यातील गंमत अशी की चांगल्या फेकीचा खरा परिणाम बाद झालेल्या धावकांत मोजताच येत नाही. ज्याचा हात जोरकस आहे अशी ख्याती झाली, त्याच्यावर धावक धावतच नाहीत. दुसऱ्या बेसवरून मान वळवून पाहतात आणि थांबतात. अशा क्षेत्ररक्षकाच्या नावावर पुढे पुढे कमी बळी दिसू लागतात, आणि आकडे चाळणाऱ्याला वाटते की त्याचा हात उतरला.

तरीही ज्याच्यावर धावक धावतच राहिले आणि बाद होत राहिले असा एक खेळाडू होऊन गेला, तो म्हणजे पोर्तो रिकोचा रोबेर्तो क्लेमेंते. १९५५ ते १९७२ अशी अठरा वर्षे तो अमेरिकेतील पिट्सबर्ग पायरेट्स संघाकडून खेळला. शाळेत असताना तो भालाफेक करीत असे, आणि तो भाला त्याच्या खांद्यात कायमचा मुरला होता असे त्याची फेक पाहताना वाटते. आउटफील्डमधून धावकांना बाद करण्यात त्याने दिलेल्या साहाय्यांची संख्या २६६ आहे आणि क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार त्याला १९६१ पासून सलग बारा वर्षे मिळाला. ३० सप्टेंबर १९७२ रोजी त्याने कारकिर्दीतला बरोबर ३,००० वा हिट (बेस मिळवून देणारा फटका) मारला. डिसेंबरमध्ये निकाराग्वातील मानाग्वा शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले, तेव्हा मदतीचे सामान घेऊन तो स्वतः निघाला आणि ३१ डिसेंबरच्या रात्री ते विमान सान हुआनजवळ समुद्रात कोसळले. बेसबॉलमधील थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेम या सन्मान-दालनात निवड होण्यासाठी निवृत्तीनंतर पाच वर्षे थांबण्याचा नियम होता. तो बाजूला ठेवून १९७३ मध्येच त्याला तेथे स्थान देण्यात आले.

दुसरे उदाहरण आशियातले आहे. जपानचा इचिरो सुझुकी २००१ मध्ये सिअ‍ॅटल मरिनर्सकडून अमेरिकेत खेळू लागला, आणि ११ एप्रिल रोजी ओकलंडविरुद्धच्या सामन्यात टेरेन्स लाँग हा धावक पहिल्या बेसवरून तिसऱ्याकडे निघाला असता, इचिरोने उजव्या मैदानातून फेकलेला चेंडू जमिनीला न टेकता, फारसा वर न जाता, थेट तिसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हमध्ये येऊन विसावला. त्या फेकीची चित्रफीत आजही सहज पाहायला मिळते. ती पाहताना चेंडूपेक्षा इचिरोच्या पायांकडे लक्ष द्यावे : तो चेंडूकडे धावत येतो, उचलतानाच शरीर तिसऱ्या बेसच्या रोखाने वळवतो आणि एकही पाऊल वाया घालवत नाही. खांदा जन्मजात असतो, पण पाय शिकवता येतात. बहुतेक राइट फील्डरांनी मात्र थेट फेकीचा मोह आवरून चेंडू मधल्या खेळाडूच्या छातीच्या उंचीवर द्यावा. तिसऱ्या बेसकडे फेकताना तो मधला खेळाडू बहुधा शॉर्टस्टॉप असतो आणि होम प्लेटकडे फेकताना पहिल्या बेसचा खेळाडू. त्याच्या डोक्यावरून गेलेली सुंदर फेक ही पुष्कळदा निव्वळ चूक असते, कारण तेवढ्यात मागचा धावक गुपचूप एक बेस पुढे सरकलेला असतो.

प्रश्न : आमच्या शाळेकडे बेसबॉलचे मैदान नाही. फुटबॉलच्या मैदानावरच चुन्याने रेषा आखतो. होम प्लेट कोणत्या कोपऱ्यात ठेवावी? गेल्या हिवाळ्यात आमच्या राइट फील्डरला सूर्यामुळे चार झेल दिसलेच नाहीत.
— एक शारीरिक शिक्षण शिक्षक, पेडणे

उत्तर : सर, आपला प्रश्न मला फार आवडला, कारण पुस्तकातले मैदान आणि आपल्या वाट्याला येणारे मैदान यांतील तफावत सोसत मीही पुष्कळ वर्षे काढली आहेत.

बेसबॉलच्या नियमावलीत एक इष्ट दिशा सांगितली आहे : होम प्लेटपासून पिचरवरून दुसऱ्या बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी. यामागचा हेतू असा की दुपारनंतर सूर्य फलंदाजाच्या आणि कॅचरच्या पाठीशी राहावा, कारण वेगाने येणारा चेंडू ज्याला दिसत नाही त्याच्या डोक्याला खरा धोका असतो. या सोयीची किंमत आउटफील्डला मोजावी लागते, आणि सर्वांत जास्त राइट फील्डरला. कारण या मांडणीत तो होम प्लेटच्या जवळजवळ पूर्वेला उभा राहतो आणि मावळतीकडे तोंड करून चेंडूची वाट पाहतो.

आता आपल्या मैदानाकडे वळू. फुटबॉलचे मैदान बहुधा उत्तर-दक्षिण लांब असते. १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद हे प्रमाण धरू. होम प्लेट पूर्वेकडच्या दोन कोपऱ्यांपैकी कोणत्याही कोपऱ्यात ठेवली तर संध्याकाळी फलंदाजाचे तोंड मावळतीच्या बाजूला येईल. ते दोन कोपरे तत्काळ बाद समजावेत. उरले नैर्ऋत्य आणि वायव्य. आपल्या पत्रावरून आपण नैर्ऋत्येचा कोपरा निवडला असावा असे दिसते. तेथून राइट फील्डर पूर्व-ईशान्येला येतो, म्हणजे होम प्लेटकडे पाहताना त्याची नजर पश्चिम-नैर्ऋत्येकडे जाते. आपला खेळण्याचा मोसम पाऊस सरल्यावरचा, आणि डिसेंबर-जानेवारीत गोव्यात सूर्य मावळतो तो नेमका पश्चिमेला नव्हे, बराच दक्षिणेकडे सरकून. त्या मुलाच्या नजरेसमोर अगदी तोच सूर्य होता. त्याला दोष देऊ नये.

वायव्य कोपऱ्यात होम प्लेट नेली तर फलंदाज आग्नेयेकडे पाहतो, सूर्य त्याच्या पाठीशीच राहतो, आणि राइट फील्डर दक्षिणेकडे जाऊन उत्तरेकडे तोंड करतो. सूर्याचा त्रास आता लेफ्ट फील्डरला होईल. तो कोणाला तरी होणारच. पण लहान मुलांच्या संघात डावीकडचा खेळाडू पुष्कळदा अधिक तरबेज असतो, म्हणून हा भार त्याच्यावर टाकणे मला अधिक न्याय्य वाटते. दोघांनाही टोपी द्यावी आणि ग्लोव्ह वर धरून सूर्य झाकत चेंडू पाहण्याचा सराव करून घ्यावा. समोर उभे राहून उंच चेंडू फेकत राहिलात तर आठवडाभरात मुलांना ते जमते.

अंतराचाही विचार करावा लागेल. नैर्ऋत्य कोपऱ्यातून उजवी फाउल लाइन मैदानाच्या रुंदीवरून जाते, म्हणजे फक्त ६८ मीटर, सुमारे २२३ फूट. वायव्येतून तीच रेषा लांबीवरून जाते आणि ३४४ फूट मिळतात, मग डावी बाजू आखूड होते. नियमावलीनुसार २५० फुटांहून जवळच्या कुंपणावरून गेलेल्या चेंडूला होमरन (चारही बेसांची पूर्ण धाव) न देता दोनच बेस दिले जातात. आपल्या आखूड बाजूला हाच नियम लावावा. म्हणजे शेजारच्या काजूच्या बागेत चेंडू टोलावून सामना जिंकण्याची हाव मुलांना सुटणार नाही.

मैदान वाकडे म्हणून मन खट्टू करू नये. मोठमोठ्या मैदानांची उजवी बाजूही पुस्तकाप्रमाणे नाही. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर उजव्या कोपऱ्यातले कुंपण ३१४ फुटांवर आहे, आणि जुन्या स्टेडियमवर, जे १९२३ मध्ये उघडले, ते त्याहूनही जवळ होते. तेथेच यांकी संघाच्या डावखुऱ्या बेब रूथने उजवीकडे उंच उंच होमरन मारले आणि क्षेत्ररक्षणालाही तो बराच काळ त्याच बाजूला उभा राहिला. बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये उजवा खांब ३०२ फुटांवर, पण तेथून कुंपण झपाट्याने मागे वळते आणि राइट फील्डरला भलामोठा कोपरा राखावा लागतो. सॅन फ्रान्सिस्कोत ३०९ फुटांवर २४ फूट उंच विटांची भिंत आहे आणि तिच्यापलीकडे उपसागराचे पाणी. होमरनचा चेंडू झेलायला लोक होड्या घेऊन बसतात. मिरामारच्या किनाऱ्यावर तसे मैदान झाले तर आमच्या रापणकारांना एक जोडधंदा मिळेल.

प्रश्न : मी डावखुरी आहे. प्रशिक्षक म्हणतात की डावखुऱ्याला आउटफील्ड आणि पहिला बेस याशिवाय जागा नाही. राइट फील्डला डावखुरेपण अडचणीचे की सोयीचे?
— अकरावीतील विद्यार्थिनी, कुडचडे

उत्तर : प्रशिक्षकांच्या म्हणण्यात तथ्य आहे, फक्त पिचरची जागा ते विसरले. शॉर्टस्टॉप, दुसरा आणि तिसरा बेस येथून पहिल्या बेसकडे फेकताना डावखुऱ्याला आधी अंग वळवावे लागते आणि तेवढ्यात फलंदाज पोहोचतो. राइट फील्डला मात्र हिशेब उलटतो. फाउल लाइन तुझ्या डाव्या हाताला आहे आणि ग्लोव्ह उजव्या हातात, म्हणून रेषेलगत जाणारा चेंडू तुला उलट्या हाताने अडवावा लागेल, आणि ते अवघड आहे. उजव्या हाताने फेकणाऱ्याला तोच चेंडू सरळ हाताने मिळतो. पण अडवल्यानंतर काय? तो रेषेच्या दिशेने धावत असल्यामुळे दुसऱ्या बेसकडे फेकण्यासाठी त्याला गर्रकन फिरावे लागते. तुझा उजवा खांदा मात्र आधीच दुसऱ्या बेसच्या रोखाने असतो आणि चेंडू लागलीच सुटतो. शिवाय सेंटर फील्डरच्या आणि तुझ्या मधल्या जागेत आलेला चेंडू तुझ्या ग्लोव्हच्या बाजूला येतो.

एक गोष्ट दोघांनाही सारखीच शिकावी लागते. उजवीकडे उडालेले चेंडू, फलंदाज उजवा असो वा डावा, हवेत बहुधा फाउल लाइनकडे वळतात. म्हणून पहिला अंदाज येतो त्याहून दोन पावले रेषेच्या बाजूला धावावे. मधल्या जागेतल्या उंच झेलासाठी सेंटर फील्डरने हाक दिली तर मुकाट्याने बाजूला व्हावे; तो मान त्याचा असतो. बेब रूथ डाव्या हाताने फेकत असे. इचिरो डाव्या हाताने फलंदाजी करी, पण फेकत उजव्याने असे. त्यामुळे त्याच्या चित्रफिती पाहताना पायांची ठेवण आरशात पाहिल्यासारखी उलटून घे.

प्रश्न : अमेरिकेतले सामने मी पहाटे साडेचारला उठून दूरचित्रवाणीवर पाहतो. समालोचक मध्येच ‘नऊ-तीन’ म्हणाला, पण धावफलकावर तर दोन-एक होते. हा काय प्रकार आहे?
— एक ज्येष्ठ नागरिक, म्हापसा

उत्तर : तो धावफलक नव्हता. गुणलेखनासाठी प्रत्येक जागेला एक क्रमांक दिलेला असतो : पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप ६, लेफ्ट फील्ड ७, सेंटर फील्ड ८ आणि राइट फील्ड ९. खेळाडूच्या पाठीवरच्या क्रमांकाशी याचा काही संबंध नाही. क्लेमेंतेच्या पाठीवर २१ होता, इचिरोच्या पाठीवर ५१, आणि गुणलेखकाच्या वहीत दोघेही ९. चेंडू ज्या क्रमाने हातोहात जातो त्या क्रमाने आकडे लिहितात. ‘नऊ-तीन’ म्हणजे राइट फील्डरने चेंडू पहिल्या बेसकडे फेकून फलंदाजाला बाद केले.

आपण पाहिलेत ते दुर्मीळ होते, कारण इनफील्ड भेदून आउटफील्डपर्यंत गेलेला फटका म्हणजे फलंदाजाला पहिला बेस मिळालाच असे सगळे धरून चालतात, फलंदाजही. तो जरा रेंगाळला, चेंडू वेगात थेट राइट फील्डरच्या हाती गेला आणि तो नेहमीपेक्षा पुढे उभा असला, तरच हे साधते. मुलांच्या मैदानावर बेसमधले अंतर ६० फूट असते आणि राइट फील्डर पहिल्या बेसच्या बराच जवळ उभा राहतो, त्यामुळे तेथे असा बळी अधिक वेळा पाहायला मिळतो. फोंड्याच्या ताईंनी हे उत्तरही मुलाला वाचून दाखवावे.